पंडिता रमाबाई : केडगावच्या माळावर प्रेमाचा संसार उभा करणारी बाई

दौंड तालुक्यातलं केडगाव म्हटलं की आज लोकांना ऊस आठवतो, गुऱ्हाळं आठवतात, नाहीतर पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं स्टेशन आठवतं. पण सव्वाशे वर्षांपूर्वी याच केडगावचं नाव इंग्लंड-अमेरिकेपर्यंत पोचलं होतं, ते एका बाईमुळे. दुष्काळात टाकून दिलेल्या, नवरा मेला म्हणून घराबाहेर काढलेल्या, फसवून विकल्या गेलेल्या अशा सुमारे दोन हजार बायका-मुलांना तिनं या माळावर आसरा दिला. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. ५ एप्रिल हा त्यांचा स्मृतिदिन.

रमाबाईंचं नाव शाळेच्या पुस्तकात येतं. समाजसुधारक, एवढ्या एका शब्दात त्यांचा धडा संपतो. त्या ख्रिस्ती झाल्या हे कुणी रागानं सांगतं, कुणी अभिमानानं सांगतं. पण संस्कृतात एवढी पारंगत असलेली बाई ख्रिस्ताकडे वळली ती कशामुळे, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. वादात कुणी हरवलं म्हणून त्या वळल्या नाहीत आणि पोटासाठी तर नाहीच नाही. एका ठिकाणी प्रेम काम करताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि तिथून सगळं बदललं. ती गोष्ट नीट समजली की केडगावची गोष्टही समजते.

जंगलातलं घर आणि पायपीट

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. गाव-शहर कुठलं नाही, सह्याद्रीच्या रानातलं गंगामूळ नावाचं ठिकाण, आजच्या कर्नाटकात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि मोठे विद्वान. तरुणपणी पुण्यात शिकत असताना त्यांचे गुरुजी पेशव्यांच्या राणीला संस्कृत शिकवायचे, ते त्यांनी पाहिलं होतं. बायकांनाही शिकवता येतं, हे तिथं त्यांच्या मनात बसलं. पुढं त्यांनी आपली बायको लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकवलं. त्यावरून नातेवाईक आणि शास्त्री-पंडित बिथरले. बाईला देवभाषा शिकवणं त्या काळी पाप समजत. शास्त्रीबुवा मागं हटले नाहीत. त्यांनी सरळ रानात घर बांधलं आणि तिथं राहिले.

रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते आईनं, तेही पहाटे घरकाम सुरू व्हायच्या आधी. पोरगी बारा वर्षांची होईपर्यंत भागवताचे हजारो श्लोक तिला तोंडपाठ होते. पण घर मोडलं, कर्ज झालं आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडलं. देवळात, घाटावर पुराण सांगायचं, लोक देतील ते घ्यायचं, असं बिऱ्हाड पाठीवर घेऊन हे लोक वर्षानुवर्षं फिरत राहिले.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. आपल्याकडं १९७२ चा दुष्काळ म्हातारी माणसं अजून सांगतात. सुकडी खाल्ली, खडी फोडली, पण सरकारनं कामं काढली म्हणून माणूस तगला. रमाबाईंच्या घरच्यांना तेही मिळालं नाही. होतं नव्हतं ते दानधर्मात आणि पोटात गेलं. पोथी सोडून दुसरं कुठलंच काम या घरातल्या कुणाला येत नव्हतं आणि मजुरी करायची लाज होती. कित्येक दिवस त्यांनी रानात पाणी आणि झाडपाल्यावर काढले. १८७४ मध्ये वडील गेले, मागोमाग आई गेली, मग थोरली बहीण गेली. आईच्या प्रेताला खांदा द्यायला माणसं मिळेनात. शेवटी दोघे ब्राह्मण आले. भाऊ आणि रमा धरून चौघांनी आईला मसणवटीत नेलं. रमा उंचीनं कमी, खांदा पुरेना, म्हणून तिनं आईचा भार डोक्यावर घेतला.

हे वाचताना घास अडकतो. पण पुढच्या आयुष्यासाठी हे लक्षात ठेवायला हवं. भूक काय असते, निराधार होणं काय असतं, हे रमाबाईंना कुणी सांगावं लागलं नाही. आणि पुढं केडगावात आलेल्या प्रत्येक मुलीला त्यांनी अक्षरांबरोबर हाताचं काम शिकवलंच, त्याचंही मूळ इथंच असावं.

कलकत्त्याचा मान

राहिले दोघंच, रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघांनी मिळून हजारो मैल पायी तुडवले. पंजाबात झेलमच्या काठावर अंगावर पुरेसं पांघरूण नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डे करून त्यात झोपले आणि वरून वाळू ओढून घेतली, एवढी थंडी. १८७८ मध्ये ते कलकत्त्याला पोचले.

तिथं एकदम नशीब पालटलं. वीस वर्षांची बाई अस्खलित संस्कृत बोलते, शास्त्रार्थ करते, हे पाहून कलकत्त्याचे पंडित थक्क झाले. त्यांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी वेद वाचायला सांगितले आणि ग्रंथ हातात दिला. बायकांपुढं भाषणं देण्यासाठी रमाबाई धर्मशास्त्रं बारकाईनं वाचू लागल्या.

आणि इथंच त्यांच्या मनाला पहिला तडा गेला. ग्रंथांचं एकमेकांशी बऱ्याच बाबतीत जुळत नव्हतं. पण बाई आणि शूद्र यांना मोक्षाचा सरळ रस्ता नाही, यावर मात्र बहुतेकांचं एकमत दिसलं. बाईनं नवऱ्यालाच देव मानायचं, मग तो कसाही असो. जिनं आयुष्यभर देव शोधत पायपीट केली, तिलाच त्या दारात जागा नव्हती.

१८८० मध्ये भाऊ श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळे पुन्हा गहजब. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. आता कुठं संसार लागतोय असं वाटत असताना फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या साथीत बिपिनबाबू गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत रमाबाईंचे आई, वडील, बहीण, भाऊ आणि नवरा एवढी माणसं गेली होती. कडेवर वर्षाच्याही आतली पोर होती आणि कपाळ उघडं होतं.

बिपिनबाबूंच्या पुस्तकांत त्यांना बंगाली भाषेतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं होतं. ते त्यांनी वाचलं आणि आवडलं. पण तेवढंच. ख्रिस्ती व्हायचा विचार तेव्हा नव्हता.

पुण्यातून विलायतेला

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, गावोगावी भाषणं दिली. शिक्षणाची चौकशी करायला सरकारनं नेमलेल्या हंटर आयोगापुढं साक्ष देऊन बायकांसाठी बायका डॉक्टर आणि बायका शिक्षिका हव्यात, हे ठणकावून सांगितलं. स्त्रीधर्मनीति हे मराठी पुस्तक लिहिलं. त्याच्या विक्रीचे पैसे जमवून १८८३ मध्ये त्या मुलीला घेऊन इंग्लंडला निघाल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं. पण कान हळूहळू जात होते, ऐकू कमी येत होतं, त्यामुळं तो बेत राहूनच गेला.

इंग्लंडमध्ये वाँटेज गावी ख्रिस्ती जोगिणींचा मठ होता. त्या जोगिणींनी त्यांना ठेवून घेतलं. मठाचं एक घर लंडनजवळ फुलहॅम इथं होतं. तिथं रमाबाई काही दिवस राहायला गेल्या आणि जे पाहायला मिळालं त्यानं त्या हलल्या.

फुलहॅमच्या त्या घरात वाट चुकलेल्या म्हणून हिणवलेल्या बायका राहत होत्या. बाजारात बसलेल्या, फसवल्या गेलेल्या, समाजानं थुंकून टाकलेल्या. मठातल्या चांगल्या घरच्या शिकलेल्या बायका त्यांच्यासोबत जेवत होत्या, त्यांना काम शिकवत होत्या, आजारात उशाशी बसत होत्या. काही काळ तिथं राहिलेल्या बायका तर सुधारून दुसऱ्यांच्या सेवेला लागलेल्या रमाबाईंनी पाहिल्या. आपल्याकडं अशा बाईच्या वाऱ्यालाही कुणी उभं राहत नसे. शास्त्रांत तिला काय शिक्षा सांगितली आहे, तेही रमाबाईंना पाठ होतं.

त्यांनी जोगिणींना विचारलं की तुम्ही हे का करता. त्यावर एका जोगिणीनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

विहिरीवरची बाई

ही गोष्ट आपल्या गावातल्या माणसाला लगेच कळेल अशी आहे. भर दुपारची वेळ. येशू चालून चालून दमलेला, एका विहिरीच्या काठावर बसला आहे. गावातली एक बाई एकटीच पाणी शेंदायला येते. पाण्याला बायका सकाळ-संध्याकाळी जातात, घोळक्यानं जातात. जी बाई उन्हाच्या कारात एकटी येते, तिला इतर बायका सोबत घेत नसणार, हे आपल्याला सांगावं लागत नाही. तिची पाच लग्नं झाली होती आणि आता ज्याच्यासोबत राहते तो तिचा नवराही नव्हता. शिवाय ती शोमरोनी. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला हात लावत नसत. म्हणजे जात आडवी, बाईपण आडवं आणि वर बदनामी.

येशू तिच्याकडं पाणी मागतो. नुसतं पाणी मागत नाही, तिच्याशी बोलत बसतो. देवाची भक्ती कुठल्या डोंगरावर करायची, हा मोठ्या मोठ्या पंडितांचा वाद तो तिच्यापुढं उलगडतो. तिचं सगळं आयुष्य त्याला ठाऊक असतं, पण तिला हिडीसफिडीस करत नाही. बाई घागर तिथंच टाकून गावात पळत जाते आणि सगळ्यांना बोलावून आणते.

पाणवठ्यावरची शिवाशिव आपल्या महाराष्ट्रानं किती पाहिली आहे! महाडच्या तळ्याचं पाणी पिण्यासाठी १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला. त्यामुळं या गोष्टीत त्या दुपारी काय घडलं, ते समजायला आपल्याला टीका-भाष्य लागत नाही.

रमाबाईंना त्या गोष्टीत आपल्या आयुष्यभराच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. ज्या देवाच्या दारात बाईला, शूद्राला, पतिताला आधी पात्र व्हावं लागत नाही, उलट तोच उठून तिच्या विहिरीपर्यंत येतो, असा देव त्यांना इथं भेटला. ख्रिस्ती धर्मात देवावर प्रेम आणि शेजाऱ्यावर प्रेम या दोन आज्ञा सगळ्यांत मोठ्या मानल्या आहेत. रमाबाईंनी त्या आधी वाचल्या असतील. फुलहॅमला त्या आज्ञा कुणीतरी पाळताना पाहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेज इथं त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

म्हणून त्या गुपचूप मान डोलावणाऱ्या झाल्या नाहीत. चर्चच्या शिकवणीतलं जे पटत नव्हतं, त्यावर त्या मठातल्या बायकांशी पत्रातून भांडत राहिल्या. मांस-अंडं खायला साफ नकार दिला आणि शेवटपर्यंत शाकाहारीच राहिल्या. साडी सोडली नाही. ख्रिस्ती होणं म्हणजे साहेब होणं नव्हे, हे त्यांनी इंग्लंडात राहून इंग्रजांना दाखवलं.

शारदा सदन आणि पुण्यातला वाद

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तो पदवीदान समारंभ पाहायला. तिथं जवळजवळ तीन वर्षं फिरून भाषणं दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची कैफियत मांडणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं आणि विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. बोस्टनच्या लोकांनी संस्था काढून दहा वर्षं खर्च द्यायचं कबूल केलं.

परत येऊन ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. पुढं १८९३ मध्ये तिचं लग्न धोंडो केशव कर्वे यांच्याशी झालं. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई त्या ह्याच. विधवांच्या शिक्षणाचं महाराष्ट्रातलं मोठं काम कुठून कुठं जोडलं गेलं आहे, ते यावरून दिसतं.

शारदा सदनात कुणावर धर्म लादायचा नाही असं ठरलं होतं. सोवळं पाळणाऱ्या मुलींचा स्वयंपाक वेगळा होई. पण रमाबाई स्वतः रोज प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं आणि काही मुली आपण होऊन येऊन बसायच्या. त्यावरून पुण्यात वादळ उठलं. केसरीनं झोड उठवली. सल्लागार मंडळातले न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी १८९३ मध्ये राजीनामे दिले. वीसपंचवीस मुली घरच्यांनी काढून नेल्या.

या वादाला दोन बाजू आहेत आणि दोन्ही नीट ऐकाव्यात. विरोधकांचं म्हणणं असं, की निराधार मुलगी जिच्या आधारावर जगते तिच्याकडं ओढली जाणारच, त्याला मोकळेपणा म्हणायचं कसं. रमाबाईंचं म्हणणं असं, की मी मुलीला माझ्या देवघरात ओढत नाही, पण तिला यावंसं वाटलं तर दारही लावणार नाही. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली तरी हा वाद मिटलेला नाही. पण एक गोष्ट विरोधकांनाही नाकारता आली नाही. त्या मुलींना दुसरं कुणी घरात घ्यायला तयार नव्हतं.

याच काळात, १८९१ च्या सुमाराला, रमाबाईंच्या मनात आणखी एक घालमेल झाली. आपण ख्रिस्ताचा धर्म घेतला पण ख्रिस्त आपल्याला अजून भेटलाच नाही, असं त्यांना वाटू लागलं. धर्म डोक्यात होता. चांगलं काम करून, नेम पाळून देवाला खूश करण्याची जुनी सवय नव्या धर्मातही त्यांनी तशीच आणली होती. मग हळूहळू त्यांना उमगलं, की देवाचं प्रेम मजुरीसारखं कमवायचं नसतं, ते आधीच दिलेलं असतं. आईनं लेकराला जवळ घ्यावं तसं. आपण फक्त ते घ्यायचं आणि पुढं द्यायचं. यानंतरच्या रमाबाई वेगळ्या दिसतात. आधी त्या शाळा चालवत होत्या, आता त्यांनी आईपण अंगावर घेतलं.

दुष्काळ आणि केडगाव

अमेरिकेची मदत दहा वर्षांनी संपणार होती. त्यानंतर संस्था आपल्या पायावर उभी राहावी म्हणून रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळबाग करायची, संत्री-लिंबं-आंबे लावायचे आणि त्याच्या उत्पन्नावर मुली शिकवायच्या, असा हिशोब. शेतकऱ्याला पटेल असाच होता. पण झाडं मोठी होईपर्यंत दुष्काळ थांबला नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाईंना आपले झाडपाल्यावर काढलेले दिवस आठवले. त्या स्वतः तिकडं गेल्या. सरकारी मदत छावण्यांत त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या. त्याहून वाईट म्हणजे त्या मुलींवर टपून बसलेले दलाल पाहिले. पसाभर धान्यासाठी पोरी विकल्या जात होत्या. रमाबाईंजवळ पैसा नव्हता, जागा नव्हती. तरी त्या तीनेकशे बायका-मुली घेऊन आल्या.

तेवढ्यात पुण्यात प्लेग. शहरात एवढी माणसं ठेवायला मनाई झाली. प्लेगच्या इस्पितळात बायकांची काय हेळसांड होते, ते रमाबाईंनी वर्तमानपत्रात लिहून सरकारलाही धारेवर धरलं. राणीच्या धर्माच्या म्हणून त्या गोऱ्या सरकारपुढं गप्प बसल्या नाहीत.

मुली केडगावच्या शेतावर आल्या. आधी तंबू आणि झोपड्या. मग विहिरी खोदल्या गेल्या, पक्क्या इमारती उठल्या. १८९८ मध्ये मुक्ती सदनाचा पाया घातला. त्या पोरींना खरूज होती, उवा होत्या, जखमांत किडे होते. भुकेनं माणूसपण गेलेलं, एकमेकींच्या हातातलं हिसकावून खायच्या. त्यांना आंघोळ कुणी घातली? शारदा सदनात शिकून तयार झालेल्या मुलींनी. कालपर्यंत विधवा म्हणून अपशकुनी ठरलेल्या पोरी आज दुसऱ्यांच्या आया झाल्या. फुलहॅमला जे पाहिलं होतं तेच आता केडगावला घडत होतं.

१९०० मध्ये गुजरात-काठियावाडात दुष्काळ पडला. तिकडूनही शेकडो बायका-मुली आल्या. आता खाणारी तोंडं दोन हजारांच्या घरात गेली. जिरायती भागात दोन हजार माणसांना रोजचं पाणी पुरवायचं म्हणजे काय, हे टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला विचारा. त्यात सगळ्या जातींच्या बायका, आणि शिवाशिव नाही. सगळ्या एकाच विहिरीचं पाणी प्यायच्या, एकाच पंगतीला बसायच्या. १९०० साली, पुणे जिल्ह्यात!

काम प्रत्येकीला होतंच. शेती, गाई-म्हशी, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, स्वयंपाक, धोबीकाम. त्याबरोबर लिहिणं-वाचणं. आंधळ्या मुलींसाठी वेगळी सोय होती. मनोरमा अमेरिकेतून ब्रेल लिपी शिकून आली होती, ती त्यांना बोटांनी वाचायला शिकवायची. म्हाताऱ्या आणि अपंग बायकांसाठी प्रीती सदन होतं. आणि ज्यांना समाज पतित म्हणत होता, त्यांच्यासाठी कृपा सदन. घरांची नावंच पाहा. प्रीती आणि कृपा हे ख्रिस्ती धर्मातले दोन मोठे शब्द त्यांनी ग्रंथातून काढून दारावरच्या पाटीवर लावले, आणि आत अशा बायका ठेवल्या ज्यांना कुणी उंबऱ्यावरही उभं करत नव्हतं.

साध्या बाईला कळेल असं बायबल

१९०५ मध्ये मुक्ती सदनात प्रार्थनेची मोठी लाट आली. शेकडो मुली रात्र-रात्र प्रार्थना करू लागल्या आणि तिथून आसपासच्या गावांत जाऊ लागल्या. जगभरच्या ख्रिस्ती लोकांत त्याची अजूनही चर्चा होते. पण रमाबाई स्वतः त्या काळात शांतपणे एक वेगळंच काम घेऊन बसल्या होत्या.

त्या वेळचं मराठी बायबल संस्कृत शब्दांनी भरलेलं होतं. नुकतीच बाराखडी शिकलेल्या शेतकऱ्याच्या, मजुराच्या बाईला ते कळत नसे. ज्या बाईनं आयुष्यभर संस्कृत खाल्लं-प्यायलं, तिनं ठरवलं की हे पुस्तक खेड्यातल्या बाईच्या मराठीत आणायचं. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मूळ भाषांवरून सगळं बायबल एकटीनं मराठीत केलं. या कामाला जवळपास अठरा वर्षं लागली. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी, सगळं केडगावच्या छापखान्यात मुक्ती सदनातल्या बायकांनीच केलं. प्रेमाची ही पण एक तऱ्हा आहे. समोरच्याला कळेल असं बोलायचं, त्यासाठी आपल्याला कितीही त्रास पडो.

१९१९ मध्ये सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. पण शेवट कष्टाचाच होता. ऐकू जवळजवळ येत नव्हतं, तब्येत ढासळलेली. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली. आईच्या मागं संस्था तीच सांभाळणार होती. तरी रमाबाईंनी भाषांतराचं काम सोडलं नाही. ते पुरं करून ५ एप्रिल १९२२ ला केडगावातच त्यांनी डोळे मिटले. पुढं भारत सरकारनं १९८९ मध्ये त्यांच्या नावानं टपाल तिकीट काढलं. मुक्ती मिशनचं काम केडगावला आजही चालू आहे.

आपल्यासाठी काय?

रमाबाई गेल्या त्याला १९२२ नंतर शंभर वर्षं झाली, म्हणजे २०२२ साल. त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा मेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. राज्य सरकारनं मग सगळ्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. चांगलंच झालं. पण शंभर वर्षांनीसुद्धा असा ठराव करावा लागतो, याचा अर्थ रमाबाईंचं काम संपलेलं नाही.

ठराव तर होतो. पण हळदी-कुंकवाला विधवा बाईला बोलावतं का कोणी? नवऱ्यानं टाकलेली लेक माहेरी आली की भाऊ-भावजय किती दिवस तिला जेवू घालतात? कर्जापायी शेतकऱ्यानं जीव दिला की चार दिवस पुढारी येतात, फोटो निघतात. नंतर सातबाऱ्यावर त्या बाईचं नाव लागायला किती खेटे पडतात, ते तलाठी कार्यालयाच्या पायरीवर बसलेल्या बायकांना ठाऊक आहे. हे सगळं आपल्याच तालुक्यात चालू आहे.

रमाबाईंचा धर्म कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण धर्म तपासायची त्यांची रीत कुठल्याही धर्माच्या माणसाला लावता येते. देवळात, मशिदीत, चर्चमध्ये, विहारात आपण काय म्हणतो, हे त्या बघत नव्हत्या. सगळ्यांनी टाकलेली बाई भर दुपारी एकटी पाण्याला आली, तर तिथं बसलेला माणूस तिच्याशी कसा वागतो, एवढंच त्या बघत होत्या.

केडगावला कधी जाणं झालं तर मुक्ती मिशनकडं जरूर जा. त्या माळावर भुकेल्या पोरी उतरल्या होत्या, तेव्हा तिथं काहीच नव्हतं. एका बाईनं आधी विहीर खोदायला घेतली आणि मग शाळा भरवली.